बाटली कुठं होती?

आमच्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीला खिडकी नव्हती. एक पत्र्याचं कपाट, दोन लाकडी मांडण्या, कोपऱ्यात हातभट्टीचे कॅन, चोरीच्या मोटारसायकलींच्या किल्ल्यांचा जुडगा आणि सगळ्यावर एक आंबूस वास. त्या खोलीची किल्ली ११ वर्षं माझ्या कमरेला होती. २०१६ साली सहायक फौजदार म्हणून मी निवृत्त झालो, पण खात्यातली माझी खरी ओळख मुद्देमाल कारकून हीच. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू माझ्या रजिस्टरात चढायची, तिला नंबर पडायचा, आणि कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ती माझ्या जबाबदारीवर असायची. कुऱ्हाड, साडी, पायताण, रक्त लागलेली माती. २००५ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ५३-अ हे कलम घातलं गेलं. बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी आणि डीएनएसाठी नमुने घेणं त्यात आलं. कलम पुढच्या वर्षी लागू झालं आणि माझ्या कपाटात रक्ताच्या बाटल्या यायला लागल्या.

सगळ्या देशाची एक डीएनए बँक हवी, गुन्हेगार झटक्यात सापडतील, असं आता पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. वाचलं की मला २००९ चा गणपतीचा महिना आठवतो.

एका मुलीवर अत्याचार झाला होता. गाव, ठाणं, माणसं, कुणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. आरोपी चौथ्या दिवशी सापडला. ग्रामीण रुग्णालयात त्याचं रक्त घेतलं, जांभळ्या बुचाच्या दोन बाटल्या. लेबलवर डॉक्टरांची सही, वर लाखेचं सील. मुलीचे कपडे आधीच आले होते. तपासी अंमलदार म्हणाले, उद्या कॅरियर पाठवू. मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचवणाऱ्या शिपायाला आमच्यात कॅरियर म्हणतात. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त लागला आणि ठाण्यात माणूस उरला नाही. ठाण्यात फ्रीजही नव्हता. दोन दिवस मी समोरच्या दुकानातून बर्फ आणून थर्मासात भरला, बाटल्या त्यात ठेवल्या. तिसऱ्या दिवसापासून मलाच मिरवणुकीच्या बंदोबस्ताला नेमलं. परत आलो तेव्हा थर्मासात कोमट पाणी होतं. मुलीचे कपडे ज्याने बांधले त्याने ते ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली होती. पिशवीच्या आतून पांढरी बुरशी दिसत होती. नवव्या दिवशी कॅरियर एस.टी.ने मुंबईला, कालिन्याच्या प्रयोगशाळेकडे निघाला.

काही महिन्यांनी सी.ए., म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट आला. नमुन्यांतून डीएनए प्रोफाइल मिळालं नाही, एवढंच त्यात होतं. हे असं का होतं ते मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी आणि जंतू वाढतात, आणि ते डीएनएचे तुकडे पाडतात. कपडा सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात बांधायचा असतो. दोन रुपयांचं पाकीट. इतकी वर्षं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

साक्षीला मी उभा राहिलो. बचावाच्या वकिलांनी उलटतपासात सरळ विचारलं, नऊ दिवस बाटल्या कुठे होत्या? माझ्या रजिस्टरात आवक होती, जावक होती. मधल्या नऊ दिवसांची ओळ कोरी होती. आरोपी सुटला. बाहेर पिंपळाच्या पारावर मुलीचा बाप बसला होता. तो उठून आला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “हवालदारसाहेब, बाटली कुठं होती ओ?” मी मान खाली घालून जीपमध्ये जाऊन बसलो.

तो आरोपी खरा होता की नव्हता, हे आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खरा असेल तर त्या मुलीचा न्याय थर्मासात विरघळून गेला. खरा नसेल, तर ज्या एका गोष्टीने त्याच्यावरचा डाग कायमचा पुसला असता ती आम्ही कुजवली. गावात आजही त्याच्याकडे बोट दाखवतात. डीएनएबद्दल बोलताना लोक ही दुसरी बाजू विसरतात. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या दोन खेड्यांत १९८३ आणि १९८६ साली दोन मुलींचे खून झाले. पोलिसांनी एका १७ वर्षांच्या मुलाला धरलं आणि त्याने एका खुनाची कबुलीही दिली. अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शोधलेली डीएनए ओळखीची पद्धत त्या तपासात वापरली गेली, तेव्हा कळलं की दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतल्यावर कॉलिन पिचफोर्क सापडला. त्याने आपल्या जागी दुसऱ्याच माणसाला नमुना द्यायला पाठवलं होतं. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने केलेलं पहिलं मोठं काम एका निरपराध पोराची सुटका हे होतं, आणि तीही त्याने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केलेला असताना. ३४ वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला या गोष्टीचं वजन कळतं. कबुल्या कशा मिळतात हे आम्ही पाहिलेलं असतं.

त्यामुळे मी डीएनएच्या विरोधात नाही. मी त्याच्या बाजूने इतका आहे की त्याची हेळसांड मला सहन होत नाही.

सर्वोच्च न्यायालयालाही ती आता सहन होईनाशी झालीय. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात, २०१२ साली, १४ आणि १६ फेब्रुवारीला जप्त केलेले नमुने २७ तारखेपर्यंत ठाण्याच्या मालखान्यातच होते. खालच्या कोर्टांनी दिलेली फाशी २०२२ मध्ये रद्द करताना न्यायालयाने या दिवसांवर बोट ठेवलं, नमुन्यांत ढवळाढवळ झाली नसेलच असं म्हणता येत नाही असं म्हटलं. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशी झालेला माणूस सुटला, तिथेही डीएनए नमुन्यांची हाताळणी हा मोठा मुद्दा होता. त्या निकालात न्यायालयाने सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना गोळा करताना गुन्ह्याचा नंबर, कलमं, अधिकारी, डॉक्टर, साक्षीदार यांची नोंद. ४८ तासांत नमुना प्रयोगशाळेत, उशीर झाला तर कारण लिहून. पाकीट मधेच उघडायचं तर खटल्याच्या कोर्टाची परवानगी. आणि नमुना घेतल्यापासून खटला संपेपर्यंत तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला याचं एक रजिस्टर. तो निकाल वाचताना मला माझी ती कोरी ओळ दिसत होती. ही साधी नोंदवही ठेवा, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साल उजाडावं लागलं.

आता विचार करा. एका खटल्यातली एक बाटली आपल्याला नीट सांभाळता येत नाही, आणि आपण लाखो माणसांच्या नमुन्यांची कोठी उभारायला निघालोय. एका खटल्यात चूक झाली तर ती उलटतपासात निघते. कोठीतली चूक वर्षानुवर्षं तशीच बसून राहते आणि एक दिवस भलत्याच माणसाच्या दारात जाते. जर्मनीत हे झालेलं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसच्या आसपास गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए सापडत गेला. हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तीच बाई. पोलीस वर्षानुवर्षं तिला शोधत होते. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात पॅक होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. जर्मन पोलिसांची शिस्त जगात वाखाणतात. काडीचा दोष त्यांनाही इतकी वर्षं दिसला नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हेही नीट माहीत असायला हवं, कारण बँक भविष्यात येणार आहे असं समजून आपण गाफील आहोत. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्यात राष्ट्रीय आणि प्रादेशिक बँका, त्यांच्यावर देखरेखीचं मंडळ, प्रयोगशाळांना मान्यता, असं सगळं होतं. संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला आणि धर्म, जात, राजकीय मतं यांवरून माणसांना लक्ष्य करण्यासाठी या माहितीचा गैरवापर होईल ही भीती अगदीच निराधार नाही, असं नोंदवलं. जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. त्याच्या आधीच, २०२२ मध्ये, फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला होता. १९२० च्या जुन्या कायद्यात बोटांचे ठसे, पावलांचे ठसे आणि फोटो होते. नव्यात बुबुळं, डोळ्याचा पडदा, सही, हस्ताक्षर आणि जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण हेही आलं. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहते. म्हणजे देखरेखीचं मंडळ मागे घेतलं गेलं आणि नमुने घ्यायचा अधिकार मात्र राहिला. हे उलटं झालं. बैलाच्या आधी गाडी पळवली आणि कासरा कुणाच्याच हातात नाही.

निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करायची, असं कायद्यात आहे. मात्र सगळे अपील संपल्यावर, आणि कोर्टाने कारण लिहून ‘ठेवा’ म्हटलं नसेल तर. नियमांनी त्यात आणखी एक पायरी घातली: नोंद नष्ट व्हावी म्हणून नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची. इथे माझा जीव अडकतो.

आमच्या हद्दीत पारध्यांची वस्ती होती. गावाबाहेर, ओढ्याच्या काठाने पाच-पंचवीस पालं. तिथला एक पोरगा २००७ ते २०१४ या काळात तीनदा अटक झाला. आसपास दरोडा पडला की पहिली जीप त्या वस्तीवर जायची, ही रीतच होती, आणि त्या जीपमध्ये मीही बसलेलो आहे. तिन्ही वेळा तो निर्दोष सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा त्याचा आजा ठाण्यात जामिनाचे कागद घ्यायला आला. पावतीवर अंगठा देताना त्याने आपणहून शाईच्या पॅडवर बोट टेकवलं, डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवलं, उचललं. इतका स्वच्छ ठसा मी ठसे घेणाऱ्या तज्ज्ञालाही एका दमात घेताना पाहिला नव्हता. मी म्हटलं, आजोबा, सवय आहे वाटतं. म्हणाला, “बापानं शिकवलं. त्याची हजेरी असायची ना, रोज.”

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, आणि पोलिसांपुढची ही हजेरी तिथूनच आली. १९११ च्या कायद्याने नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घ्यायची मुभा दिली. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिच्या आठवणी सांगणारी घरं अजून तिथे आहेत. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलं, आणि ते शास्त्र बिनचूक करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोन माणसांचा मोठा वाटा होता. शास्त्र चोख होतं. ते कोणाच्या बोटांवर आधी चालवायचं हे सरकार ठरवत होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगातल्या जातवार कामवाटपाविरुद्ध मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी पकडू नये हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. ७२ वर्षांनी.

पारध्यांच्या वस्तीवरच्या त्या पोराला आज अटक झाली आणि दरोड्याचं कलम लागलं, तर तो जैविक नमुना द्यायला नाही म्हणू शकत नाही. सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आणि बाया-मुलांवरच्या गुन्ह्यांत कायदा ती मोकळीक देत नाही. सुटला तर नोडल अधिकारी कोण, त्याचं कार्यालय कुठे, अर्ज कोणत्या नमुन्यात, हे त्याने शोधायचं. वकिलाची शेवटची फी देण्यासाठी त्याच्या आईने शेळ्या विकलेल्या असतात. ती माणसं अर्ज करणार नाहीत, हे मला माहीत आहे आणि नियम लिहिणाऱ्यालाही माहीत असायला हवं होतं. निकालाची प्रत ठाण्यात येतेच. त्याच दिवशी ठाण्याने वर कळवावं आणि नोंद पुसली जावी. घेताना आपण अर्ज मागत नाही, पुसताना का मागायचा?

आणि डीएनए अंगठ्यासारखा नसतो. अंगठा एकट्याचा. बँकेत जे प्रोफाइल ठेवतात ते म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागी एक तुकडा किती वेळा लागोपाठ आलाय याचे आकडे, अमेरिकेत अशा २० जागा तपासतात. त्या आकड्यांतले निम्मे बापाकडून आलेले, निम्मे आईकडून. त्यामुळे एकाचं प्रोफाइल असलं की त्याच्या भावाचा, बापाचा, मुलाचा माग काढता येतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुना खुनी वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या, दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून सापडला. खुनी सापडला हे चांगलंच झालं. पण पाच-पंचवीस पालांची वस्ती, जिथे सगळे एकमेकांचे मामा-मेहुणे, तिथली तीन पोरं बँकेत गेली की सगळी वस्ती कायमची हजेरीवर उभी राहते, ठाण्यात पाऊल न टाकता. प्रोफाइल फक्त आकडे असतात, हे मान्य. रक्ताची बाटली मात्र आकडे नव्हे, तिच्यात त्या माणसाचे आजार आणि त्याचं बापपण सगळं आहे. इंग्लंडमध्ये आता प्रोफाइल काढून झालं की मूळ नमुना सहा महिन्यांच्या आत नष्ट करावा लागतो. हे त्यांना आपसूक सुचलेलं नाही. त्यांची बँक १९९५ मध्ये सुरू झाली आणि सुटलेल्यांचेही नमुने ती ठेवत गेली. शेफिल्डचा एक ११ वर्षांचा निर्दोष सुटलेला मुलगा आणि खटलाच मागे घेतला गेलेला मार्पर नावाचा माणूस युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००८ मध्ये सतरा न्यायाधीशांनी एकमुखाने ते चूक ठरवलं, २०१२ मध्ये कायदा बदलला, आणि लाखो निरपराध माणसांची प्रोफाइल पुसली गेली. त्यांनी आधी गोळा केलं आणि मग पुसलं. आपल्याला त्यांची चूक पुढ्यात दिसतेय.

मला विचाराल तर, बँक हवीच असेल तर ती बेवारस प्रेतांपासून सुरू करा. रेल्वे रुळावर, नदीच्या गाळात, बस स्टँडच्या मागे सापडलेली माणसं. अकस्मात मृत्यूची नोंद होते, वर्तमानपत्रात फोटो जातो, काही दिवस शवागारात ठेवतात, मग शिपाई आणि नगरपालिकेची माणसं जाऊन पुरून येतात. मी अशा कितीतरी मातीला गेलोय. एखादा दात किंवा हाड डीएनएसाठी राखून ठेवलं जातं, बरणीवर नंबर घालून मी ती मांडणीवर ठेवायचो. ती कशाशी जुळवायची, हा प्रश्न. हरवलेल्याच्या आई-बापाचं रक्त आपल्या मर्जीने दिलेलं असेल आणि ते एकाच ठिकाणी जुळवलं जात असेल, तर कितीतरी बरण्यांना नाव मिळेल. यासाठी एक जनहित याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१८ मध्ये केंद्राने तिथे सांगितलं, विधेयक आणतोय. तेच विधेयक पुढे मागे घेतलं गेलं. हरवलेल्यांची आणि आरोपींची मोट एकत्र बांधली की असं होतं. आरोपींच्या बँकेवर वाद होणार, व्हायलाच हवा. त्यात या आयांनी का ताटकळायचं? त्यांच्यासाठी वेगळा छोटा कायदा करा, त्यातलं एकही प्रोफाइल गुन्ह्याच्या तपासात वापरणार नाही असं त्यात लिहा, आणि तो उद्या आणा.

आरोपींच्या बाबतीत मात्र घाई नको. प्रत्येक ठाण्यात एक फ्रीज द्या आणि त्याच्या तापमानाची रोज नोंद घ्या. कागदी पाकिटं द्या. सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं असं जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा म्हणतो, आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. ती माणसं भरा, मुद्देमाल कारकुनाला बंदोबस्तातून वगळा. आरोपीच्या वकिलाला फक्त अहवाल नको, त्यामागचे आकडे आणि आलेख द्या, गरिबाला सरकारी खर्चाने दुसऱ्या तज्ज्ञाकडून ते तपासून घेता येऊ देत. हे सगळं चालतंय असं दिसलं की मग दोषी ठरलेल्यांच्या बँकेबद्दल बोलू. ती पोलिसांच्या हातात नसावी. मी पोलीस होतो म्हणून सांगतो.

मागच्या महिन्यात एक म्हातारी माझ्या घरी आली. तिचा मुलगा २०११ मध्ये मुंबईला कामाला म्हणून गेला, तो परत आला नाही. मी नोकरीत असताना ती दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्यात यायची, मी रजिस्टर उघडून दाखवायचो, नाही म्हणायचो. आता तिला मी निवृत्त झालोय हे कळतं, तरी येते. नातीने तिला मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं होतं. पदर सावरून तिने हात पुढे केला, कोपराच्या आतली शीर दाखवली आणि म्हणाली, “भाऊ, रगत जुळवून कळतं म्हणं. कुठं देऊ सांगा, मी आज देते.”

मी ठाण्यात फोन लावला. आजचा ठाणे अंमलदार माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे, भला आहे. त्याने वर विचारून कळवतो म्हणून सांगितलं. म्हातारीने चहा घेतला, माझा फोन वाजण्याची वाट बघत संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत ओसरीवर बसून राहिली, आणि मग गेली.